मीटरचे ऐंशी, खरे त्र्याहत्तर

खोली बघायला गेलो तेव्हा मला तासभर उशीर झाला होता, आणि उशीर झाल्यावर माणूस जी थाप मारतो तीच मी मारली. "सॉरी काका, पिंपळगावला डॉक्टरांनी बसवून ठेवलं. पण तिथून निघालो तो थेट ऐंशीनं आलोय बघा, कुठं टेकलोसुद्धा नाही."

दारात उभा असलेला तो उंच, पाठीत जरासा वाकलेला माणूस ओट्यावरून खाली उतरला. तो सरळ माझ्या गाडीकडे गेला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मीटरचे ऐंशी. खरे किती?"

"म्हणजे?"

"टायर झिजलाय. हवाही कमी आहे. मीटर ऐंशी म्हणत असेल, तर गाडी त्र्याहत्तरनं पळत होती. खोली वर आहे. जिन्याला चौदा पायऱ्या, त्यातली बारावी अर्धा इंच उंच आहे. सांभाळून."

सांगूनसुद्धा मी बाराव्या पायरीवर आपटलोच. उठता उठता मनात म्हटलं, हा म्हातारा डोक्याला ताप होणार. पण खोली हवेशीर होती, सातपूर कॉलनीत होती, आणि खालून काकूंच्या फोडणीचा वास येत होता. मी राहिलो, आणि चांगली तीन वर्षं राहिलो.

मी औषध कंपनीचा एमआर. पाठीला बॅग, बॅगेत सॅम्पल, तोंडावर हसू आणि बुडाखाली मोटारसायकल. इकडे देवळाली कॅम्प, तिकडे चांदवड, मधले झाडून सगळे दवाखाने माझ्या पायाखालचे. आमच्या धंद्यात थोडं वाढवून बोलावं लागतं. गोळी चांगली असेल तर ती अप्रतिम म्हणायची, सात डॉक्टर भेटले असतील तर रिपोर्टात अकरा लिहायचे. असला माणूस नेमका कुणाच्या घरात भाड्यानं जाऊन पडावा? नशीब म्हणतात ते हेच.

कारण काकांनी जन्मभर एकच काम केलं होतं, ते म्हणजे मापणाऱ्या वस्तूंना मापायचं. सातपूरच्या एका कारखान्यात ते कॅलिब्रेशनला होते. वजनकाटे, प्रेशर गेज, थर्मामीटर, सगळे त्यांच्या टेबलावर यायचे आणि आपण किती खोटं बोलतो ते कबूल करून जायचे. बरोबर निघाला त्याला हिरवा स्टिकर, 'तपासले'. पार बिघडला त्याला लाल, 'वापरू नये'. आणि मधल्यांसाठी पिवळा, 'मर्यादित वापर'. पिवळ्याचा अर्थ असा की ही वस्तू एका हद्दीपर्यंत बरोबर दाखवते, तेवढ्यापुरतीच वापरा. ती हद्द कोणती, ते स्टिकरवर पेननं लिहायचं.

रिटायर होताना कंपनीनं त्यांना साहेबांची सही असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते घेतलं आणि वर स्टिकरची उरलेली भेंडोळी मागून घेतली. आठवड्याभरात घड्याळ दोन मिनिटं मागं पडलं, आणि साहेबांच्या सहीच्या बरोबर वर लाल स्टिकर चिकटला. घड्याळ तसंच बैठकीत टांगलेलं होतं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा आणि काका प्रत्येकाला तितक्याच उत्साहानं सांगायचे.

घरभर स्टिकर होते. कुकरला हिरवा. गीझरला लाल. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्याला पिवळा, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'फक्त डाळ-तांदूळ. केशर नाही.'

"जसं काही मी रोज केशर मोजते," काकू म्हणायच्या.

मी एकदा चेष्टेनं विचारलं, "काका, काकूंना कोणता स्टिकर?"

काका गंभीर झाले. "ती तपासणी माझ्या अधिकारात येत नाही."

"आलीच तर लालच लावतील मेले," काकू आतून ओरडल्या, आणि काका खाली मान घालून हसले. हसताना त्यांचे खांदे तेवढे हलायचे, आवाज यायचा नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो गाड्यांच्या स्पीडोमीटरमध्ये. कॉलनीत कुणी नवी मोटारसायकल घेतली की बाकीचे पेढे मागायचे, काका मीटर बघायचे. एका रविवारी त्यांनी मला माझ्याच गाडीसमोर बसवून शिकवणी घेतली.

"शेवटचा आकडा वाच."

"एकशेचाळीस."

"ही गाडी एकशेचाळीस जाते?"

"छे हो. शंभरला थरथरते."

"मग एकशेचाळीस कशाला लिहिलंय?"

"छान दिसतं म्हणून?"

"दुकानात उभी असताना चाळीस आकडे फुकट मिळतात म्हणून," काका म्हणाले. "आता हे खाली बघ. शून्य ते दहामध्ये एक तरी बारीक रेघ आहे का? नाही. पुढे प्रत्येक दहामध्ये आहे. का? कारण एवढ्या हळू चालताना मीटरचाच स्वतःवर विश्वास नसतो. तेवढं तरी तो प्रामाणिकपणे कबूल करतो. आणि ही हिरवी पट्टी, चाळीस ते साठ, इथं पेट्रोल कमी लागतं. माझ्या गाडीच्या मीटरवर तर एक, दोन, तीन, चार असे आकडेही आहेत, कोणत्या गिअरला कुठपर्यंत ताणायचं त्याचे. अर्धं जग त्याकडे न बघता मरतं."

मग त्यांनी मूळ मुद्दा सांगितला. मीटर गाडीचा वेग बघत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला, हवा कमी झाली, की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, आणि मीटरला वाटतं आपण जोरात चाललोय. शिवाय बनवणाराही मुद्दामच थोडा जास्त दाखवणारा मीटर बनवतो. नियमच आहे तसा, मीटरनं खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं, पण कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही. जास्त दाखवणाऱ्याला काका 'फुगीर' म्हणायचे आणि कमी दाखवणाऱ्याला 'चोर'.

"फुगीर एक वेळ चालेल," ते म्हणायचे. "फुगीर तुला घाबरवून हळू चालवतो. चोर तुला गोड बोलून ट्रकखाली घालतो."

हा शब्द त्यांनी मग माझ्यावरच वापरायला सुरुवात केली. संध्याकाळी मी जिना चढायला लागलो की खालून आवाज यायचा, "किती डॉक्टर झाले आज?"

"अकरा."

"मीटरचे अकरा. खरे किती?"

"आठ हो, आठ!"

"फुगीर," काका समाधानानं म्हणायचे आणि पेपरात डोकं घालायचे. माझ्या साहेबांनी मला तीन वर्षांत एकदाही पकडलं नाही. या माणसानं रोज पकडलं.

एकदा तर त्यांनी मला भर हायवेवर तोंडघशी पाडलं. ओझरला काहीतरी काम होतं म्हणून ते माझ्यामागे बसले होते. पन्नासची पाटी होती तिथं झाडामागून ट्रॅफिक हवालदार बाहेर आले, हातात ती वेग मोजायची गन. मी नेहमीचं हसू काढलं. "साहेब, शपथेवर सांगतो, पन्नासच्या वर गेलोच नाही."

मागून काका म्हणाले, "मीटरवर बाहत्तर होते."

मी वळून बघितलं. माझ्या नजरेत काय नव्हतं!

"मी खांद्यावरून बघत होतो. बाहत्तर, म्हणजे खरे पासष्टच्या आसपास. तुमची गन काय म्हणते?"

हवालदार गोंधळले. "पासष्ट."

"वा! अभिनंदन!" काका गाडीवरून उतरून त्यांचा हात हातात घेऊन हलवायला लागले. "एकदम अचूक आहे हो तुमची गन. शेवटची कधी तपासली होती?" आणि खिशातून हिरवा स्टिकर काढला. हवालदारांनी तो लावू दिला नाही, पण दंड भरून होईपर्यंत ते हसत होते. दंड अर्थात माझाच. परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. काकांना त्यातलं काही कळलं असेल तर शपथ! ते आपले मागे बसून "छान गन होती" म्हणत होते.

आता या असल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीचा मीटर कसा असेल? तर त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या मीटरच्या काचेवर, बरोबर मधोमध, लाल स्टिकर होता. 'वापरू नये.' काटा दिसायचाच नाही.

"हा चारनं फुगीर होता, मग सहानं झाला. रोज वेगळं बोलणाऱ्याशी मी संबंध ठेवत नाही," ते म्हणाले.

"मग वेग कसा कळतो तुम्हाला?"

"कानानं. चाळीसला इंजिन 'हूं' म्हणतं. बेचाळीसला 'हां' म्हणतं."

मी हसलो. त्यावर ते इरेला पेटले, स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं, मला मागे बसवलं आणि हायवेला नेलं. किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधलं अंतर चाळीसच्या वेगानं बरोबर दीड मिनिटात कापलं जातं. काकांनी पहिल्या दगडाशी "हं" म्हटलं, मी बटण दाबलं. दुसऱ्या दगडाशी बघतो तर नव्वद सेकंद. एकोणनव्वद नाही की एक्क्याण्णव नाही, बरोबर नव्वद. परत येताना पुन्हा नव्वद. मी कानाला खडा लावला, यापुढे या माणसाला हसायचं नाही.

चाळीसच्या वर मात्र ते कधी जायचे नाहीत, आणि जायचे ते मुख्यतः एकाच ठिकाणी, चांदवडला. तिथं हायवेपासून थोडं आत त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा कांद्याचा मळा होता. अक्का ऐंशी ओलांडलेल्या. नाशिकला या म्हटलं तर यायच्या नाहीत, आणि फोनवर त्यांना काडीचं ऐकू यायचं नाही. "हॅलो, हॅलो" करून त्या फोन कांद्यांवर ठेवून द्यायच्या. पण काकांच्या गाडीचा आवाज त्यांना बांधावरून ऐकू यायचा, ही त्या घरातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती. आवाज आला की चुलीवर चहा चढायचा. दर महिन्याचा दुसरा रविवार काका तिथं जायचे, आणि मला वाटतं आधीचे तीन आठवडे त्या रविवारकडे बघूनच घालवायचे.

मग एका दुसऱ्या रविवारी काका परत आले ते कोपर सोलवटून आणि डावा आरसा हातात घेऊन. द्राक्षांच्या क्रेटनं भरलेला ट्रॅक्टर घासून गेला, म्हणाले. काकूंनी कोपराला हळद लावली आणि लगेच पुण्याला मुलाला फोन लावला.

मुलाचा आवाज बाहेर ओट्यावर मला ऐकू येत होता. "बाबा, वय बाहत्तर. मीटर झाकून हायवेला गाडी हाणता. बास झालं. किल्ली आईकडे द्या."

"मी हाणत नाही. चाळीसनं जातो."

"कशावरून? तुमचा मीटरच दिसत नाही!"

"मीटर बघून वेग कळणं म्हणजे घड्याळ बघून भूक लागणं!"

"मग बसनं जा अक्काआत्याकडे."

"बसचा आवाज तिला ओळखू येत नाही!"

मला अजून आठवतं, काकूंनी पदर तोंडाला लावला होता. शेवटी मुलानंच तोड काढली. पुढच्या फेरीला भाडेकरूनं, म्हणजे मी, मागून जायचं. माझ्या गाडीच्या हँडलला फोन लावलेला असतो, तो उपग्रहावरून खरा वेग दाखवतो. काका एकदा जरी चाळीसच्या वर गेले तर किल्ली कायमची काकूंकडे. नाही गेले तर विषय बंद.

"मान्य," काका म्हणाले. "पण परीक्षा नीट घ्यायची. मला चाळीस झाले असं वाटलं की मी डावा हात वर करणार. त्यानं त्या क्षणी फोन बघायचा, आणि थांबलो की आकडा वहीत लिहायचा. खरे, मीटरचे नाही."

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे काका, डोक्यावर पांढरं हेल्मेट, पाठ जरा वाकलेली. मागे मी. आडगाव गेलं, डावा हात वर झाला. फोनवर चाळीस. ओझरच्या अलीकडे पुन्हा हात. एकोणचाळीस. पुन्हा हात, चाळीस. मला आनंदानं हॉर्न वाजवावासा वाटला. ओझरला थांबून वहीत लिहिलं तेव्हा काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, जसा काही निकाल आधीच ठरलेला.

पिंपळगावच्या पुढे हात वर झाला तेव्हा फोनवर सदतीस होते. म्हटलं, असेल, चढ आहे. पुढचा हात, छत्तीस. वडाळीभोईला चहा प्यायलो, मी वहीत काहीतरी खरडलं आणि वही खिशात टाकली. तिथून पुढे काका आणखी हळू व्हायला लागले. हात वर, चौतीस. हात वर, तेहेतीस. मागून एक कंटेनर आला, त्यानं जीव खाऊन हॉर्न दिला आणि काकांच्या इतक्या जवळून गेला की त्यांचा शर्ट फडफडला. गाडी डगमगली, सावरली. आणि काकांनी ऐटीत पुन्हा हात वर केला. एकतीस.

हा माणूस दमला होता. तासाभराच्या वर हायवेचा गोंगाट ऐकून त्यांचा कान उतरत गेला होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. ट्रॅक्टर का घासून गेला तेही मला तेव्हाच समजलं. मुलगा घाबरत होता की बाबा जोरात चालवतात. खरं भलतंच होतं.

मळ्याच्या वळणाशी मी मागे थांबलो आणि वहीत शेवटच्या टप्प्याचे आकडे लिहिले. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस, चाळीस. वडाळीभोईला लिहिलेलेही असलेच होते. पंधरा वर्षं रिपोर्ट लिहिणारा हात, लिहून मोकळा झाला. कुणाचं काय बिघडणार होतं? चाळीसच्या वर तर ते गेलेच नव्हते.

अक्का बांधावर उभ्या होत्या. काका उतरायच्या आत म्हणाल्या, "आज लय वेळ लावला रे. गाडीचा आवाज बी ढिला येत व्हता. बरं नाय का तुला?"

"बरं आहे अक्का."

"काय?"

"बरंय!"

काकांनी हेल्मेट काढलं, खाटेवर बसले आणि वहीसाठी हात पुढे केला. वाचली. मग खिशातून स्टॉपवॉच काढलं. मला वाटलं होतं ते घरीच राहिलं असेल. त्यांनी वडाळीभोईच्या पुढच्या एका दगडाशी ते चालू केलं होतं आणि वळणाच्या अलीकडच्या दगडाशी बंद.

"नऊ किलोमीटर," काका म्हणाले. "चाळीसनं साडेतेरा मिनिटं व्हायला हवीत. इथं सोळा आहेत. सोळा मिनिटांत नऊ म्हणजे पावणेचौतीस. तुझ्या वहीत चाळीस."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"खरे किती होते?"

"काका, शर्त चाळीसच्या वर न जाण्याची होती. तुम्ही गेला नाहीत. मग मी म्हटलं..."

"खरे किती?"

"चौतीस," मी म्हणालो. "तेहेतीस. शेवटचे एकतीस."

तीन वर्षांत त्यांना माझ्यावर चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "फुगीर मीटर सगळ्यांना सारखाच फुगवून दाखवतो. म्हणून त्याच्यातून खरं काढता येतं. तू माणूस बघून फुगवलंस. तुझ्यातून मी खरं कसं काढायचं?"

लहानपणी मार खाल्ल्यावरसुद्धा इतकी लाज वाटली नव्हती. अक्कांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी दोघांची तोंडं बघितली आणि माझ्या हातात चहाची कपबशी दिली.

काकांनी माझे आकडे एका रेघेनं खोडले, खाली खरे लिहिले आणि मुलाला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं, एकतिसासकट. मुलगा सुटल्यासारखा हसला. "म्हणजे एकदाही वर गेला नाहीत! मग विषय संपला बाबा. चालवा गाडी."

"संपला नाही," काका म्हणाले. "तू चुकीची परीक्षा घेतलीस. मी फुगीर झालोय. मला चाळीस वाटतात तेव्हा तेहेतीस असतात. नियमाच्या मर्यादेत बसतं म्हणा, पण अगदी काठावर. आणि हायवेला तेहेतीसनं चालणारा म्हातारा म्हणजे ट्रकवाल्याच्या जिवाला घोर."

फोन ठेवून ते बराच वेळ गाडीकडे बघत बसले. अक्काही बघत होत्या, त्यांच्याकडे. मला वाटलं, आता हे रडणार, आणि मग मीही रडणार. पण काकांनी पुन्हा वही ओढली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "ओझरपर्यंत मात्र अचूक आहे. म्हणजे कान गेलेला नाही. थोड्या अंतरापुरता धड आहे."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टिकर काढले. हिरवा बाजूला ठेवला, लालही बाजूला ठेवला. पिवळा काढून स्वतःच्या पांढऱ्या हेल्मेटवर, बरोबर कपाळाच्या जागी, चिकटवला आणि माझं पेन मागून त्यावर लिहिलं: 'मर्यादित वापर. चांदवड स्टँड ते मळा.'

गाडी तिथंच ठेवायची ठरली. काकांनी नाशिकहून एसटीनं यायचं, अक्कांच्या मुलानं गाडी स्टँडवर आणून द्यायची आणि त्याला परत न्यायला मागून दुसरी गाडी यायची. शेवटचे तीन किलोमीटर काका स्वतः चालवणार. अक्कांना हे सगळं कानाशी ओरडून सांगावं लागलं. ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे आवाज येईल ना?"

"येईल."

"मग झालं की."

परत येताना काका माझ्यामागे बसले. पिंपळगाव आलं. मग खांद्यावरून डोकं पुढे आलं. "मीटरवर किती?"

"पंचावन्न."

"खरे पन्नास." आणि थोड्या वेळानं, "तुझा मीटर बरा आहे. रोज तेवढाच फुगतो." त्यांनी मला माफ केलं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि मी उगाचच गाडी आणखी सांभाळून चालवायला लागलो.

पुढे माझी बदली जळगावला झाली. खोली सोडताना बारावी पायरी आठवणीनं ओलांडली. काकांचा फोन मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो, एसटीतून, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून. मागच्या खेपेलाही आला. आधी नुसता इंजिनाचा खडखडाट, मग काकांचा आवाज.

"ड्रायव्हर साठ म्हणतोय. दगडावर चोपन्न भरले. त्याला सांगितलं तर म्हणाला, काका, खाली बसा."

"हेल्मेट घेतलंय ना?"

"मांडीवर आहे. अक्काचा चहा चढला असेल आता." मग नेहमीप्रमाणे जरा थांबून, "काल शनिवारी किती डॉक्टर झाले?"

"सात," मी म्हणालो.

"खरे किती?"

"सातच, काका."

पलीकडून काही बोलणं आलं नाही. पण त्यांचे खांदे हलत असणार, हे मला जळगावात बसून कळलं.